उजवी टिचकी

रविवार, म्हणजे इथला कामाचा पहिला दिवस.
सोहार बंदरामागच्या आमच्या गोदामात
साडेसातलाच नझीर परकार माझ्या टेबलाशी.
"फाइल माझी. बनवली मी. वर नावही माझं.
आणि हा मलाच म्हणतो, परवानगी नाही."

प्रत्येक फाइलच्या पाठीला एक चिठ्ठी असते, नझीरभाई,
शर्टाच्या कॉलरआत शिवलेली असते तशी,
घालणाऱ्याला न दिसणारी.
यंत्राला तुमचं नाव पुरत नाही, ते चिठ्ठीही बघतं.
तुम्ही फाइल उचलून इकडे आणलीत,
ती जुन्या जागेची चिठ्ठी घेऊनच आली.
नक्कल केली असतीत, तर जन्मतःच इथली झाली असती.

"खोटं," तो म्हणाला.
"माझी शबाना इथंच जन्मली.
कार्डावर अजून खेडच."

मी पडद्याकडे वळले.
तिथे ती चिठ्ठी होती, खरी, उघडी केलेली:
चार शब्द, मध्ये विसर्गासारखे ठिपके,
जणू कुणी संस्कृत शिकता शिकता
श्वास लागून थांबलं.
हे गोदामातल्या माणसानं वाचायचं?

बद्रियाबाईंना सात पातळ्या हव्या होत्या.
मी म्हटलं, सात कोणी वाचत नाही,
सगळे पहिलीवर बोट ठेवून मोकळे होतात.
हिशेबातल्या शाजीनं तर पहारेकऱ्यालाच झोपवलं होतं,
कायमचं, एका ओळीत,
आणि वर मला सांगत होता, मशीन आता कसं पळतं बघा.

तीन दुपारी गेल्या. बाहेर बेचाळीस अंश,
क्रेनच्या सावल्यासुद्धा क्रेनखाली शिरलेल्या.
करकचे किती कागदी कप झाले, मोजले नाहीत.
शेवटी एक लहानशी खिडकी झाली.
फाइलवर उजवी टिचकी मारा,
ती साध्या मराठीत, अरबीत, मल्याळममध्ये विचारते:
ही कुणी उघडावी?
फक्त मी.
आमचं खातं.
गोदामातले सगळे.
आणि खाली, जरा अंतर सोडून, एक बटण:
या जागेची कर.

बुधवारी नझीरभाईंना बसवलं.
चष्मा कपाळावर, बोट माउसवर,
बटण दाबण्याआधी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत.
दाबलं. फाइल उघडली.
कंटेनर एकशे चौदा, खजुराच्या पेट्या, दोन फुटलेल्या.
एवढंच होतं तिच्यात.

तो बराच वेळ बटणाकडे बघत होता.
"हे फाइलीपुरतंच का?"

हो, म्हटलं. फाइलीपुरतंच.

"बरं," म्हणाला, आणि खुर्ची नीट आत सरकवून गेला.

दुपारी त्याचाच फोन:
प्रिंटर कागद ओढत नाही.