खुंटीची उंची

ओउलूत जानेवारीतली सकाळ ही नुसती अफवा असते.
सात वाजता दार उघडलं की आत येतो तो अंधारच,
बुटांना बर्फ चिकटवून.
आणि दारामागच्या आमच्या दीड मीटर जागेत
पाच माणसांची घाई
स्वतःच्याच पायात पाय घालून पडते.

लोक म्हणे उंबरठे झिजवतात.
आमचा झिजायचा नाही.
गेली चार वर्षं तो बुटांखाली सुरक्षित आहे.

शनिवारी साइला रात्रपाळीवरून आली,
घसरगाडीला ठेचकाळली,
आणि काहीच बोलली नाही.
बोलली असती तर परवडलं असतं.
कोटासकट खाली बसली, बुटांच्या ढिगात,
आणि तिथंच तिचा डोळा लागला.

म्हणून रविवारी मी सगळं उपसलं.

बूट एकोणीस. त्यात जोड्या आठ,
उरलेले तीन विधुर.
हातमोजे अकरा, सगळे डावे.
उजवे जातात कुठं,
यावर घरात पहिल्यांदाच एकमत झालं :
मी नाही घेतला.
पिह्लाची मोडकी हॉकी स्टिक
(‘खबरदार टाकलीस तर, हिनंच सेमीफायनल मारलीय’).
शेजारच्या वेइक्कोचं बर्फ काढायचं फावडं,
जे गेले दोन हिवाळे
आम्ही त्यालाच उसनं देत होतो
आणि तो बिचारा आभार मानून परत आणून द्यायचा.

सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी,
नाल्लिकारीच्या किनाऱ्यावरची वाळू. मूठभर जुलै.
झाडू दोनदा उचलला, दोनदा ठेवला.
मग झाडलीच.
ओल्या मोज्यांना चिकटते ती, आणि मोजे धुतो मी.

फळी आणली. पाणसळ लावली.
बुडबुडा मधोमध येईस्तोवर श्वास धरून उभा राहिलो.
एका रेषेत पाच खुंट्या, प्रत्येकीवर एकेक नाव.
खाली बाक, बाकाखाली बुटांचा ट्रे.
दोन पावलं मागे जाऊन बघत राहिलो,
जणू पूल बांधला होता.

चार वाजता ओइवाचं जॅकेट जमिनीवर.
मी ओरडलो.
तो रडला नाही. भिंतीपाशी गेला,
टाचा उचलल्या, हात वर केला.
खुंटी आणि त्याची बोटं यांच्यात
माझी एक वीत मावली असती.
‘नाव माझं आहे,’ तो म्हणाला,
‘पण जमिनीपर्यंतच पोचतो मी.’

पाणसळ पेटीत ठेवली.

त्याची खुंटी त्याच्या कपाळाशी आणली.
मग तूक्काला त्याची खाली हवी झाली,
पिह्लाला वर, कुणाचा हात लागणार नाही इतकी वर.
माझी उरलेल्या जागेत.

साइलाची राहिली.
ती झोपली होती, विचारणार कसं?
दिवा घालवला, बाहेर गेलो,
दार ढकलून आत आलो तिच्यासारखा,
बारा तास उभं राहून आलेल्या पायांनी,
डोळे मिटून,
आणि हात आपसूक जिथं भिंतीला टेकला
तिथं भोक पाडलं.

आता ओळ कसली, नुसता वेडावाकडा कारभार.
जुनी पाच भोकं अजून आहेत भिंतीत,
एका रेषेत, शिस्तीत,
कुणाच्याही कामाची नाहीत.

सोमवारी पहाटे मी पडल्या पडल्या ऐकलं :
कुलूप. चेन ओढल्याचा आवाज.
दिव्याचं बटण वाजलं नाही.
कोट खुंटीवर बसला, बाक किंचित करकरला,
बूट एक, बूट दोन.

मग काहीतरी मऊ खाली पडलं.
हातमोजा.

डावा असणार.