आवाज

नंदगडच्या माझ्या दुकानात
लुमाण्णानं आईचा टीव्ही आणून ठेवला.
"आवाज गेलाय बघ ह्याचा."

बावीस वर्षं मालिकांत तो.
बेंगळुरात फौजदार, सावकार, एकदा चारशे भाग
नायिकेचा मुका दीर. तेवढाच सगळा त्याचा.
एरवी आवाज दुसऱ्याचा:
तिकडं त्याच्या कानडीत मराठी ऐकू यायची,
मुंबईत मराठीला कानडी हेल.
पैसे वेळेवर. ओठ तेवढे त्याचे.

खानापूर स्टँडवर लोक थांबवत,
फोटो काढत.
"कुठं जालासा?" तो म्हणाला की
हिरमुसत. हा तो नव्हं.

मी पाठ उघडली. स्पीकर धड, तारा धड,
आत कौलभट्टीची लाल धूळ.
रिमोट दाबला तर घणघणत आला सावकार,
परक्या, तालेवार गळ्यानं.

"काय झालं नाही. म्हातारीनंच बंद ठेवलेला."

शेजारची कल्लव्वा सांगायची,
आठ वाजता म्हातारी पडद्याला चिकटून बसे,
ह्याचे ओठ हलले की आपणच बोले:
जेवलास काय रे. खोकला कमी हाय काय.
तिकडं सावकार टेबल आपटत असायचा.

लुमाण्णानं रिमोट घेतला,
दाबला.
बराच वेळ ओठ बघत राहिला स्वतःचे.

मग, "किती झाले गा?"
त्याच हेलात.