उजवा कान

चिनावलहून सावद्याला सहा किलोमीटर.
सकाळी ऊन पाठीवर असतं,
माझी सावली माझ्यापुढे पायडल मारते
आणि मला कधीच सापडत नाही.

साडेसातला टेबलावर हवी मी,
केळीच्या गाड्यांच्या पावत्या फाडायला.
रस्ता पाठ आहे. कापणी झालेले बाग,
ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, नाल्यावरचा पूल,
पुलाच्या अलीकडचा खड्डा,
ज्याला आम्ही आता वळण म्हणतो.
इतका पाठ रस्ता
गाण्याशिवाय कापायचा कसा?
दोन्ही कानांत दोन बटणं,
साडेतीनशेची, रावेरच्या बाजारातली.

त्या मंगळवारी
सनईचा एक तुकडा मी मागे नेऊन पुन्हा लावला होता,
आणि माझ्या सावलीवर
दुसरी सावली चढली.
चौकोनी. कडेला केळीच्या पानांची झालर.
तिनं आधी माझं डोकं खाल्लं, मग हँडल,
मग अंगावरचं ऊनच गेलं.
मी डावीकडे, चारीत.

हॉर्न बराच वेळ वाजत असणार.
मला दिसलं ते ड्रायव्हरचं तोंड, उघडं, हलणारं.
डावं बटण गवतात उडालेलं,
उजव्यात सनई तशीच चालू,
रिकाम्या डाव्या कानात तेवढं आलं:
‘कानात कापूस कोंबला का वं, बाई?’

चिखलात बसल्या बसल्या मला हसू फुटलं.

कापूस खरोखर कोंबायचे आमचे आप्पा.
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये, रेच्याकडे उजवा कान.
तिथं कापसाला काय तोटा?
बोळा करायचे, कोंबायचे.
तरी चाळिशीत तो कान गेला.
सायकल नाही गेली.
दर दहा पायडलांना त्यांची मान
उजव्या खांद्यावरून मागे वळायची,
मोजल्यासारखी.
मी कॅरिअरवर, हातात दप्तर.
मला वाटायचं, मलाच बघतात,
आहे ना पोर, पडली नाही ना.
मी दर वेळी हसायचे.
शाळेपर्यंत किती वेळा हसले असेन!
ते माझ्या डोक्यावरून
मागची ट्रॉली बघत होते, हे
त्या चारीत बसून कळलं मला,
वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

इस्माल तडवीनं चाक सरळ केलं, पैसे घेतले,
आरसा बसवून दिला, त्याचे वेगळे घेतले.
‘गानं आयकून सायकल चालवनं बरं नाही,’ म्हणाला.
त्याच्या दुकानात रेडिओ इतका मोठा होता
की हे त्याला दोनदा सांगावं लागलं.
ऑफिसातल्या कुमुद झांबरे म्हणाल्या, एकच कान भर.
त्यांच्या जावेचा मुलगा म्हणाला,
बॅटरीच्या रिक्षा तशाही आवाज करत नाहीत,
मग कान उघडे ठेवून काय मिळतं?
मी आप्पांना विचारलं नाही.

आता उजवा कान रस्त्याला दिलाय.
डाव्यात गाणं, हळू, आणि अर्धंच,
कारण तबला बहुतेक उजव्या बटणात राहतो.
आरसा थरथरतो, त्यात सगळ्या गाड्या
हसत असल्यासारख्या येतात.
म्हणून मान. दर दहा पायडलांना.
सम चुकते. चुकू दे.
पुलापाशी मात्र तेही बटण काढते.
रोज नाही. खोटं कशाला बोलू.

काल संध्याकाळी आप्पा ओट्यावर होते.
त्यांच्या चांगल्या कानात मी बटण घातलं,
तीच सनई लावली.
डोळे मिटले त्यांनी, बोटांनी मांडीवर
काहीतरी धरलं,
आणि थोड्या वेळानं, डोळे न उघडता,
मान उजवीकडून मागे वळवली.
मागे शेजारच्यांची शेळी होती,
भिंतीवरचं पोस्टर खात होती.

‘काही नाही, आप्पा,’ मी म्हणाले,
चुकून, उजव्या बाजूनं.