तारखेची जागा

सातपूरला, पपया नर्सरीच्या अलीकडे
माझं झेरॉक्सचं दुकान. दहा बाय आठ.
एकाच कीबोर्डवर मी दोन्ही टाईप करते :
सकाळी ठेकेदाराचा करारनामा,
संध्याकाळी त्याच कराराविरुद्धचा अर्ज,
मा. सहायक कामगार आयुक्त साहेब यांसी, सविनय.
फॉन्ट तोच. पानाचा दर तोच.
'ळ'चं बटण अडकतं,
म्हणून दोन्हीकडे 'वेळेवर' हा शब्द
जरा उशिराच उमटतो.

शिरसाठ ठेकेदार सात महिन्यांनी येतो.
जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची.
सात महिने काम, मग ब्रेक,
मग नवा गेटपास. तीच बाई, तेच मशीन,
नोकरी मात्र कोरी करकरीत.
शेवटचं पान वेगळं काढायचं :
'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.'
खाली सही. सहीच्या वर
दिनांक, आणि पुढे टिंबं.
टिंबं मी मोजून देते. चौदा.

परवा त्यानं बायका इथंच आणल्या,
टेम्पोतून, पॅकिंगच्या लाईनीवर लावायला.
पेन माझं, दोरीला बांधलेलं.
'बघताय काय? सही करा. गाडी उभी आहे.'
तिसरी होती भारती गांगुर्डे, पेठ तालुक्यातली.
मनगटावर भाजल्याचा डाग,
मशीनचा की तव्याचा, मी विचारलं नाही.
म्हणाली, ताई, काय लिहिलंय ते वाचा की.

मी वाचलं.
इतकी वर्षं मीच टाईप केलेलं
पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं.
ओव्हरटाईम 'आवश्यकतेनुसार'.
रजा 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार'.
विड्यात चुना जास्त व्हावा
तशी जीभ पोळत गेली.

शेवटचं पान ऐकून ती हसली.
'अजून आत पाय नाही टाकला,
अन् बाहेर पडायचं आधीच लिहून ठेवलं?'
मग पेन घेतलं.
अक्षराला अक्षर जोडत नाव लिहिलं,
आणि माझ्या त्या चौदा टिंबांवर
आजची तारीख घातली.
दोनदा गिरवून.

रुजू आज. राजीनामाही आज.
शिरसाठला कळायला क्षणभर लागला.
मग कागद फाडला, आवाज चढवला,
शेजारचा पंक्चरवालासुद्धा येऊन उभा राहिला.
ती शांत. 'पहिल्या कागदाची एक कॉपी द्या.
किती झाले, दोन रुपये?'
तिच्यामागच्या दोघींनी तारीख घातली.
त्यांच्या मागचीनं नाही घातली. कडेवर पोर होतं तिच्या.
मी तिला काय म्हणणार?

टेम्पोत भारतीला घेतलं नाही.
आधारकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत
कॉपी घडी करून ठेवली तिनं
आणि चालत निघाली आयटीआय सिग्नलकडे.
पुढचं मला माहीत नाही.
अर्ज टाईप करायला येईल म्हणून
दोन दिवस मी शटर
अर्धा तास आधी उघडलं.

काल रात्री बंद करताना गोरख म्हणाला,
'ताई, उद्या उशिरा आलो तर चालेल?
आईला सिव्हिलला न्यायचंय.
खाडा धरा पाहिजे तर.'
चार वर्षं झाली त्याला माझ्याकडे.
त्याच्या नावाचा एकही कागद
या कागदांच्या दुकानात नाही.

कॉम्प्युटर परत लावला.
नवी फाईल. जुनी उघडली नाही.
त्याचं पूर्ण नाव विचारावं लागलं.
पगार लिहिला. खोडला. थोडा वाढवून लिहिला.
खरं सांगते, थोडाच.
पगारी रजा, आणि पुढे
कर्सर लुकलुकत राहिला.
बोटं सवयीनं टिंबांकडे गेली.

बाहेर तो सायकल धरून उभा.
'ताई, जाऊ ना?'
थांब, म्हटलं. आत ये.
हे वाच आधी.
मोठ्यानं वाच.