बरोबरचं चिन्ह

सरांचा वंशावळीचा तक्ता टाइप करताना
तू सापडलीस, जाकव्वे,
बरोबरच्या चिन्हाच्या उजव्या अंगाला.
डावीकडे बोप्परस, चांदोरचा मंडलिक,
घाटाखालच्या सात गावांचा धनी.
खाली एक उभी रेघ, तिला दोन फांद्या:
एचरस. केतरस.
मुलींना रेघ नाही.

ताम्रपटात तुझ्या वाट्याला दीड ओळ.
केतरसाची लेक
(म्हणजे धाकट्याला बापाचं नाव दिलंस,
तेवढं तरी तुझं चाललं),
बोप्परसाची धर्मपत्नी,
आणि तिच्या अनुमतीने, देवाच्या दिव्यासाठी,
मिठागर एक. उत्तरेला मानस, दक्षिणेला
पत्रा मोडलाय.

पुढचं मी बसवते. सर म्हणतात, बसवू नये.

घाट उतरलीस तेव्हा तेरा वर्षांची असशील.
कुशावतीच्या काठी पांढरे ढीग बघून
आपल्या कानडीत विचारलंस,
इतका तांदूळ उघड्यावर का टाकलाय?
सगळा वाडा हसला.
सासू मरेपर्यंत तुला तांदळी म्हणत होती.
कोठाराच्या किल्ल्या मात्र
तिच्या कमरेवरून थेट सवतीच्या कमरेला गेल्या.
सवत बंदरावरची, घोड्यांच्या व्यापाऱ्याची;
तिचे मोती मोजायला कारकून होता.
तुझ्याकडे ते एक मिठागर,
लग्नात सासऱ्याने हौसेनं नावावर केलेलं.
चेष्टाच असावी. तू ती मनावर घेतलीस.
भरतीच्या वेळा पाठ केल्यास,
आगरातल्या बायांची नावंसुद्धा.

थोरला जकातीसाठी चुलत्याशी भांडला.
धाकटा गलबतावर गेला,
त्याची पगडी परत आली.
मुलगी एक तरी असणारच.
तिला पुन्हा घाटावर दिली,
तू ज्या वाटेनं आलीस त्याच वाटेनं, उलटी.
पाठवणीत तू मडकंभर मीठ दिलंस.
पावसाळी हवा; वर पोचेपर्यंत
अर्धं पाझरून गेलं असेल.

आणि मग एक दिवस ती अनुमती.
सदरेत बोलावलं असेल तुला.
ब्राह्मण बसलेले, पत्रा तापलेला,
थोरला म्हणाला असेल, आई, फक्त हो म्हण,
पुण्य तुझ्याच नावावर लागेल.
तू दिव्यासाठी म्हणून हो म्हणालीस,
की पाय दुखत होते म्हणून?

मडगावच्या नोटरीकडे गेल्या मे महिन्यात
मीही बसले होते.
आपल्याकडे कायद्यानं बायको निम्म्याची मालकीण,
तिची सही लागतेच,
नोटरी कौतुकानं सांगत होता.
पारोड्याचं भाट. सत्तावीस माड.
नवरा वाईट नाही गं. पेन त्यानंच उघडून दिलं.
दक्षिणेला काय होतं विचारशील
तर मला सांगता येईल:
एक ओहोळ, आणि पलीकडे पेद्रूचं डुकरांचं कुंपण.

संध्याकाळी तक्ता छापला.
प्रिंटरमधली शाई संपत आलेली.
तुमच्या दोघांमधलं चिन्ह नीट उमटलं नाही,
वरची रेघ आलीच नाही.
सरांनी चष्मा वर केला.
हे वजा वाटतंय, म्हणाले, पुन्हा काढ.

पुन्हा काढलं.
पहिली प्रत घडी घालून
मी पर्समध्ये ठेवली,
पोळ्यांच्या रिकाम्या डब्याखाली.