वजनं उतरवताना

नॅकच्या फायलीसाठी आणखी एक फॉर्म आलाय.
प्रश्न सतरावा: ताणानंतर मी लवकर पूर्ववत होतो/होते.
'अजिबात नाही'पासून 'पूर्णपणे'पर्यंत पाच गोल.

पेन तसंच धरून बसलेय,
विक्रोळीत, तिसऱ्या मजल्यावर, फिजिक्सच्या लॅबमध्ये.
खाली हायवे.
अकरा वर्षं तासिका तत्त्वावर,
मार्चपासूनचे पैसे अडकलेत,
आणि रोल नंबर बेचाळीस, आदेश गुरव,
परीक्षेला बसलाच नाही.
त्याच्या आईचा फोन मी कापला होता,
तास चालू होता म्हणून.

समोर तारेचा प्रयोग मांडलेला.
अर्धा किलो, एक, दीड.
वजनं चढवताना रीडिंग घ्यायचं,
उतरवतानाही घ्यायचं.
मुलं दुसरा रकाना पहिल्यावरूनच उतरवून घेतात.
मला कळतं. मी सही करते.
खरी तार इतकी तंतोतंत परत येत नाही कधी.

धुरीमामा काचा पुसत होते.
"मॅडम, वजनां काढून ठेवा.
रातभर टांगलेली रवली तर तार लांबता."

एकेक काढलं.
हुक जरा हलला, थांबला.
व्हर्नियरला डोळा लावला:
शून्याच्या खाली दोन रेघा.
तेवढ्या राहणारच.
पेन्सिलीनं लिहिल्या, आहेत तशा.

मग आदेशच्या आईला फोन लावला.
रिंग वाजतेय.
मामा दिवे घालवतायत, माझ्या टेबलावरचा सोडून.
पाचही गोल अजून रिकामे.