बेड नंबर अकरा

मे महिना. मेडिकलच्या लॅबमध्ये कूलर नुसता घरघरतो.
सुखराम हेडाऊंच्या रक्ताची नळी
तासभर गरगरवली.
तळाशी डोळ्यांना दिसेल असं काही नाही.

यंत्र म्हणतं, आहेत.
कोट्यवधी इवली गाठोडी,
फुप्फुसातल्या पेशींनी मरता मरता
आपल्याच पदराचा तुकडा फाडून बांधलेली.

कापड ओळखीचं,
म्हणून पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी गिळून टाकतात
आणि काही पिसाळतात, घरालाच आग लावतात,
काही बसून राहतात
बंद पडलेल्या मागासारख्या.

बाहेर बाकावर भागरथाबाई,
गोळीबार चौकातून पायी आलेल्या.
"काय निंगालं जी रक्तात?"

गाठोडी, मी म्हटलं.

"मंग सोडून पाहा ना.
गाठ कोन्या हाताची,
ते सोडतानीच समजते."